गोव्याच्या पावसाळ्यात कपड्यांचा ड्रायर: कुठल्या घराला कुठला?

मृग लागला की गोव्यातल्या दोऱ्या घरात येतात. आधी ओसरीवर, मग खोलीत पंख्याखाली, आणि जुलैत सलग आठ दिवस ऊन दिसलं नाही की खुर्च्यांच्या पाठींवर. पणजीला वर्षाकाठी साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. या दिवसांत हवेत आर्द्रता ८५-९० टक्के असते, म्हणून पंखा लावूनही कपडा दीड-दोन दिवस ओलसरच राहतो. तेवढ्या वेळात त्यात जिवाणू वाढतात. कुबट वास येतो तो त्यांचा. कपड्यांवर अत्तर मारून तो जात नाही.

ड्रायर घ्यायचा म्हटलं की दुकानदार किलो आणि किंमत सांगायला लागतो. त्याआधी घरी बसून एक गोष्ट ठरवा: कपड्यांतून निघालेलं पाणी घराबाहेर कुठून जाणार? भोक पाडून वाफेच्या रूपात, की टाकीत साठून बादलीने, की मोरीच्या पाइपातून? ड्रायरचे सगळे प्रकार या एका प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत. गोव्यात तर वीजबिलापेक्षाही हा प्रश्न मोठा आहे. तो कसा, ते पुढे हिशेबात येईलच.

पाणी किती, ते आधी मोजा

प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकवाला डिजिटल काटा घ्या. एका दिवसाचे मळके, पण कोरडे कपडे पिशवीत भरून तोला. तेच कपडे धुऊन मशीनमधून पिळून निघाले की पुन्हा तोला. मधला फरक म्हणजे ड्रायरने उडवायचं पाणी.

चार माणसांच्या घरात रोजचे कपडे ४ किलोच्या आसपास भरतात. मिनिटाला १००० फेऱ्या पिळणाऱ्या फ्रंट लोडमधून ते साधारण ६.४ किलो होऊन निघतात, म्हणजे २.४ लिटर पाणी. १४०० फेऱ्यांवर हेच ६ किलोच्या जवळ येतं. ७०० फेऱ्यांच्या टॉप लोडमधून मात्र ६.८ किलो किंवा त्याहून जास्त. सेमी ऑटोमॅटिकला लोक नावं ठेवतात, पण तिच्या पिळायच्या टबाचा वेग १३००च्या आसपास असतो, त्यामुळे पिळण्यात ती बऱ्याच टॉप लोडना मागे टाकते.

एक लिटर पाण्याची वाफ करायला ०.६३ युनिट वीज लागतेच. हा निसर्गाचा दर आहे, त्यात कुठली कंपनी सूट देत नाही. वाया जाणारी उष्णता धरून साध्या ड्रायरला २.४ लिटरसाठी सव्वादोन ते अडीच युनिट लागतात. त्याच पाण्यातलं अर्धा लिटर पिळूनच काढलं तर मशीनच्या मोटरला दहा मिनिटांत जेमतेम ०.०५ युनिट लागतं. म्हणून ड्रायर आला तरी सवय ही ठेवा: धुणं संपलं की नुसतं ‘स्पिन’ आणखी एकदा. जीन्स, टॉवेल, चादरी असतील तर नक्कीच. वाळवण्याचा वेळ यातच पंधरा-वीस मिनिटांनी घटतो.

व्हेंटेड: वाफ बाहेर फेकणारा

रचनेने सगळ्यांत साधा. आत दोनेक हजार वॉटचा हीटर, एक पंखा, फिरता ड्रम. खोलीतली हवा आत ओढायची, तापवायची, कपड्यांतून फिरवायची आणि ४ इंची नळीतून बाहेर टाकायची. बाहेर सगळं दमट असताना हा कसा काय वाळवेल, असं पुष्कळांना वाटतं. २७ अंशांची, ९० टक्के दमट हवा ६० अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता १६ टक्क्यांवर येते. धो धो पावसातही ड्रमच्या आत मे महिन्यापेक्षा कोरडं हवामान असतं. ४ किलो कपडे सव्वा ते दीड तासात होतात.

अडचण नळीची आहे. ती नीट बाहेर गेली नाही तर दोन-अडीच लिटर पाणी वाफ होऊन तुमच्याच भिंतींवर बसतं. आठवड्याभरात कपाटामागे काळी बुरशी धरते. नळीचं तोंड पाण्याच्या डब्यात सोडायचे संच मिळतात, ते गोव्यात घेऊ नका. डब्यातलं पाणी दहा मिनिटांत कोमट होतं, आणि मग वाफ थंड न होता सरळ खोलीत येते.

जुन्या घरात चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची भिंत असते, दीड फुटापर्यंत जाड. चिरा मऊ, त्यामुळे कोअर कटरने, म्हणजे गोल भोक पाडणाऱ्या ड्रिलने, भोक पडायला कठीण नाही. पण छिन्नी-हातोडीने पाडू देऊ नका, दगडाचा कोपरा ढासळतो आणि गिलावा फुटतो. भोक १०५ ते ११० मिलिमीटरचं, आतून बाहेर किंचित उतरतं, म्हणजे पावसाचं पाणी आणि नळीत थिजलेली वाफ दोन्ही बाहेर ओघळतात. आत पीव्हीसीचा तुकडा बसवून कडा सिमेंटने बंद करा, नाहीतर चिरा ओल पिऊन घेतो. बाहेरच्या तोंडाला खाली वळलेलं झाकण हवं, ज्याची पट्टी हवेच्या दाबाने उघडते आणि ड्रायर थांबला की मिटते. ती नसेल तर पाली आत शिरतात आणि कुंभारीण माशी चार दिवसांत मातीचं घर बांधते.

फ्लॅटमध्ये भिंत फोडायची परवानगी नसेल तर सरकत्या खिडकीतून वाट काढता येते. खिडकीच्या उंचीइतकी, ८ इंच रुंद, ६ मिलिमीटर जाड अ‍ॅक्रिलिकची पट्टी कापून घ्या. तिच्यात नळीच्या मापाचं भोक. पट्टी खिडकीच्या खाचेत उभी बसवायची आणि काच तिला येऊन टेकेपर्यंत सरकवायची. फटीला रबराची पट्टी. पावसाळा संपला की पट्टी काढून माळ्यावर टाकता येते, म्हणून भाड्याच्या घरात हा उपाय सोयीचा. फक्त मच्छरदाणीची जाळी नळीसमोर ठेवू नका. कपड्यांतून सुटणारी लव त्या जाळीवर नमद्यासारखी बसते आणि हवा जाणंच बंद होतं.

नळी जितकी आखूड आणि सरळ, तितकं बरं. दोन मीटरपर्यंत एक-दोन वळणं चालतात. त्याहून लांब न्यायची असेल तर यंत्राच्या पुस्तकातली मर्यादा बघा, कारण प्रत्येक वळण नळीची लांबी वाढवल्यासारखं काम करतं. पातळ प्लॅस्टिकची नळी टाळा, अ‍ॅल्युमिनियमची घ्या. मध्ये झोळ पडू देऊ नका. झोळात पाणी साचतं, त्यात लव भिजून लगदा होतो आणि वाट बुजते.

आणि एक धोक्याची गोष्ट. हा ड्रायर तासाला शंभरेक घनमीटर किंवा त्याहून जास्त हवा खोलीबाहेर फेकतो. १० बाय ८ फुटांच्या खोलीत जेमतेम वीस घनमीटर हवा असते. तेवढी हवा कुठून तरी आत यायला लागते, म्हणून दाराला किंवा दुसऱ्या खिडकीला फट ठेवा. खोली बंद असेल आणि तिथेच किंवा लागून असलेल्या न्हाणीघरात गॅस गीझर असेल, तर ड्रायर त्या गीझरचा जळका वायू उलटा आत ओढू शकतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो. गॅस गीझर आणि व्हेंटेड ड्रायर एका हवेत ठेवू नका. नळी स्वयंपाकघरातल्या चिमणीच्या पाइपाला जोडणंही तितकंच वाईट, तिथलं तेल आणि इथली लव यांचं मिश्रण पेट घेतं.

कंडेन्सर: टाकीत पाणी, खोलीत भट्टी

यात नळी नाही. आतली गरम दमट हवा एका धातूच्या जाळीतून जाते, खोलीतली हवा त्या जाळीला बाहेरून थंड करते, आणि पाणी ठिबकून टाकीत जमतं. पण हीटरची सगळी उष्णता खोलीतच राहते. दीड-दोन तास दोन हजार वॉटचा हीटर खोलीत लावून ठेवल्यासारखंच. शेजारी दीड टनाचा एसी चालू असेल तर त्याची चाळीस टक्क्यांच्या आसपास ताकद नुसती ही उष्णता काढण्यात जाते. त्यातून खोली तापली की जाळी थंड होत नाही, जाळी थंड झाली नाही की पाणी गळत नाही. बंद स्टोअररूममध्ये ठेवलेला कंडेन्सर ड्रायर तीन तास फिरूनही कपडे दमट काढतो, तो यामुळेच. शिवाय दहा-वीस टक्के वाफ कुठून ना कुठून खोलीत निसटते.

वीज व्हेंटेडइतकीच, किंमत जास्त, वर उकाडा. गोव्यात हा प्रकार घ्यायला आम्हांला तरी सबळ कारण दिसत नाही. कुणी फुकट दिला तर खिडक्या उघड्या असलेल्या मोठ्या खोलीत चालवा.

हीट पंप

हाही पाणी टाकीत जमवतो, पण आत फ्रिजसारखा कॉम्प्रेसर असतो. वाफेचं पाणी होताना जी उष्णता सुटते ती पकडून पुन्हा हवा तापवायला वापरतो. वरती सांगितलेला ०.६३चा दर असा चुकवता येतो: वाफ करायला दिलेली उष्णता परत मिळते. ४ किलो कपड्यांना साधारण १ युनिट पुरतं. आतलं तापमान ५०-५५ अंशांच्या आसपास राहतं, त्यामुळे इलॅस्टिक आणि रंग जास्त टिकतात. खोलीही फारशी तापत नाही. वेळ मात्र जास्त लागतो. ४ किलोला पावणेदोन-दोन तास, ८ किलो भरगच्च सुती कपड्यांना तीन तासांपर्यंत. पावसाळ्यात इथलं तापमान २५ ते ३० अंश असतं, ते या यंत्राला मानवतं.

दुकानात तीन गोष्टी प्रत्यक्ष बघा. पहिली, पाणी टाकीऐवजी थेट मोरीत सोडायची नळी सोबत आहे का. असली तर लावाच. टाकी भरली की यंत्र थांबतं, आणि ते नेमकं आपण बाजारात गेल्यावर थांबतं. दुसरी, थंड जाळीपर्यंत हात पोचतो का. खालच्या बाजूला झाकण असतं, ते उघडलं की फिल्टर आणि त्यामागे अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पात्या दिसतात. काही यंत्रांत ही जाळी बंदिस्त असते आणि यंत्र जमलेल्या पाण्याने ती ‘आपोआप धुतं’ असं सांगतात. आपोआप धुतलं तरी थोडी लव राहतेच. दोन-तीन वर्षांनी वाळायला वेळ लागायला लागतो आणि मग तंत्रज्ञाला सगळं यंत्र उघडावं लागतं. हात पोचणारं घ्या, हे आमचं स्पष्ट मत. तिसरी गोष्ट, दुरुस्तीचा माणूस म्हापसा किंवा मडगावहून येतो की दर वेळी राज्याबाहेरून. सुटे भाग किती दिवसांत मिळतात, हे विक्रेत्याकडून लिहून घ्या.

यंत्र टेम्पोतून आडवं आलं असेल तर लगेच चालू करू नका. कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत गेलेलं असतं. उभं करून पुस्तकात सांगितलेला वेळ थांबा, शक्य झाल्यास एक रात्र.

धुणारं-वाळवणारं एकच यंत्र

पर्वरी-फोंड्याच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दुसरं यंत्र ठेवायला जागाच नसते, त्यांच्यासाठी हे. पण खोक्यावरचे दोन आकडे नीट वाचा. ‘८/५’ म्हणजे ८ किलो धुतं, ५ किलो वाळवतं. पूर्ण भरून धुतलं की वाळवण्याआधी तीन किलो कपडे बाहेर काढावे लागतात. न काढता चालवणारे पुष्कळ, आणि मग ‘मशीन वाळवतच नाही’ ही तक्रार. धुण्यापासून वाळण्यापर्यंत पाच-सहा तास जातात, त्यात दुसरं धुणं लावता येत नाही. यांपैकी बरीच यंत्रं वाफ थंड करायला नळाचं पाणी वापरतात, म्हणजे वाळवतानाही नळ चालू हवा. टाकीचं पाणी दुपारी संपत असेल तर विचार करा. लव गाळायला वेगळी जाळी बहुतेकांत नसते. ती दाराच्या रबरात आणि पंपाच्या फिल्टरमध्ये जाते, म्हणून रबराची घडी दर खेपेला ओल्या फडक्याने पुसायची.

आता पैशांचा हिशेब

युरोपीय संघात १ जुलै २०२५ पासून नव्याने बाजारात येणारे ड्रायर व्यवहारात हीट पंपाचेच असतात, आणि इंटरनेटवर वाचाल तो सल्लाही तिकडचाच असतो. तिथे वर्षभर ड्रायर चालतो. आपला हिशेब वेगळा आहे.

रोज ४ किलो, पावसाळ्याचे १२० दिवस. व्हेंटेड आणि हीट पंप यांत दर खेपेला साधारण १.४ युनिटचा फरक. मोसमात झाले १७० युनिट. युनिटला ५ रुपये धरले तर ८५० रुपये. हीट पंपाची किंमत व्हेंटेडच्या दुप्पट-तिप्पट असते. तीस हजारांचा फरक असेल तर तो निव्वळ विजेतून भरून यायला पस्तीस वर्षं लागतील. तेवढं कुठलंच यंत्र टिकत नाही. घरगुती वीजदर टप्प्यांचा असतो आणि ड्रायरचे युनिट बिलाच्या वरच्या, महागड्या टप्प्यात पडतात हे खरं. पण दर दुप्पट धरला तरी सतरा वर्षं होतात.

म्हणजे ‘वीज वाचते’ या एका कारणासाठी चार महिन्यांपुरता हीट पंप घेऊ नका. घ्यायचा असेल तर भोक पाडायला जागा नाही म्हणून घ्या, खोली तापू नये म्हणून घ्या, किंवा कपडे नाजूक आहेत म्हणून.

होमस्टे किंवा भाड्याच्या खोल्या चालवणाऱ्यांचं गणित उलटं होतं. रोज ८ किलोच्या दोन खेपा, बाराही महिने, म्हणजे वर्षाला सुमारे २००० युनिटचा फरक. तिथे हीट पंप तीन-चार वर्षांत किंमत फेडतो, आणि वीजजोडणी व्यावसायिक दराची असेल तर त्याहून लवकर. त्यांनी ड्रम ८ किलोच्या खालचा घेऊ नये आणि ड्रम दोन्ही दिशांना फिरतो का ते विचारावं. एकाच दिशेने फिरणाऱ्या लहान ड्रममध्ये डबल बेडची चादर दोरखंडासारखी वळते, बाहेरून कडकडीत आणि मधोमध ओली. उशीचे अभ्रे तिच्या पोटात जाऊन बसतात ते वेगळंच.

किलोंबद्दल एवढं लक्षात ठेवा की खोक्यावरचा आकडा सुती कपड्यांचा असतो. पॉलिस्टरमिश्रित कपड्यांना निम्मा धरा.

ड्रायर न घेताही

घरात दोनच माणसं असतील, किंवा कपड्यांइतकाच त्रास चपला, पुस्तकं आणि कपाटांतल्या बुरशीचा असेल, तर कॉम्प्रेसरचा डीह्युमिडिफायर, म्हणजे खोलीतल्या हवेतला ओलावा काढणारं यंत्र, बघा. खोक्यावर ‘दिवसाला २० लिटर’ लिहिलेलं यंत्र तीन-चारशे वॉट घेतं. लहान खोली, दारं-खिडक्या बंद, स्टँडवर कपडे हातभर अंतर सोडून, एक पंखा कपड्यांच्या दिशेने. चार किलो कपडे रात्रभरात होतात. आठ तासांत अडीच-तीन युनिट जातात, म्हणजे व्हेंटेडच्या बरोबरीने. पण टॉवेल राठ होत नाही असं नाही, तो राठ होतोच. मऊपणा येतो तो ड्रममध्ये आपटण्यामुळे. खिडकी उघडी ठेवून हे यंत्र लावणं म्हणजे मांडवीचं पाणी उपसायला बसणं.

वीजजोडणी

२४०० वॉटचा ड्रायर १० अँपिअरच्या वर ओढतो. त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट हवा, बोर्डापासून २.५ किंवा ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतःचा एमसीबी (जास्त वीज ओढली की आपोआप बंद पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळून शॉक बसायची वेळ आली की जोडणी तोडणारा स्विच). अर्थिंग तपासून घ्या. ओल्या हाताने वापरायचं यंत्र आहे. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको, आणि वॉशिंग मशीनच्याच प्लगला मल्टिप्लग लावून तर मुळीच नको. दोन्ही एका वेळी चालले आणि मशीन गरम पाण्याने धूत असलं तर सॉकेट वितळतो.

पावसाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज पडतं. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते: २३०चं १९० झालं की ताकद दोन तृतीयांश उरते आणि दीड तासाचे सव्वादोन तास होतात. यंत्र बिघडलेलं नसतं. दुपारी लावून बघा. विजांचा कडकडाट सुरू झाला की प्लगच काढून ठेवा. फांदी तारेवर पडून वीज गेली तर गरम कपडे ड्रममध्ये गोळा होऊन पडू देऊ नका, दार उघडून पसरा. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर ड्रायर लावायचा विचारही करू नका.

ठेवायचं कुठे

उघड्या बाल्कनीत नाही. पाऊस आडवा येतो, आणि कळंगुट, मिरामार, कोलव्यासारख्या किनाऱ्यालगत खारा वारा पत्रा आणि जाळीच्या पात्या दोन-तीन वर्षांत खातो. लहान व्हेंटेड ड्रायर भिंतीवर टांगायची पट्टी मिळते, पण चिऱ्यात साधा अँकर फास्टनर धरत नाही. दगड सच्छिद्र, ड्रम थरथरतो, आणि भोक हळूहळू मोठं होतं. भिंतीच्या आरपार बोल्ट आणि मागे लोखंडी पट्टी, नाहीतर सरळ जमिनीवरचा स्टँड. वॉशिंग मशीनवर रचायचा असेल तर खाली फ्रंट लोडच हवं आणि दोहोंच्या मापाचा स्टॅकिंग किट, म्हणजे दोन्ही यंत्रं एकमेकांना जखडणारा संच. नुसता रबरी गालिचा घालून पन्नास किलोंचं यंत्र वर चढवू नका.

वाळत नसेल तर

तंत्रज्ञाला बोलवायच्या आधी या क्रमाने बघा. लवीची जाळी, ती दर खेपेला साफ करायची असते, आठवड्याने नव्हे. जाळी दिसायला स्वच्छ असूनही हवा जात नसेल तर तिच्यावर नळाचं पाणी सोडा. पाणी आरपार न जाता वर थबकलं तर सॉफ्टनरचा (धुताना कपडे मऊ करायला घालतात त्याचा) मेणचट थर बसलाय. कोमट पाणी, भांड्याचा साबण, जुना टूथब्रश, आणि पूर्ण वाळवून परत. मग ड्रम किती भरलाय ते बघा, वरचा एक तृतीयांश भाग रिकामा हवा. मग नळी दबली आहे का, टाकी भरली आहे का. हीट पंपाची खालची जाळी महिन्याने उघडा आणि मऊ ब्रशने वरून खाली झाडा. आडवा ब्रश फिरवला की पात्या दुमडतात. त्यांच्या कडा धारदार असतात, हातमोजे घाला.

कपडे ओले असताना यंत्र वीस मिनिटांत ‘झालं’ म्हणत असेल तर ड्रमच्या आत, दाराजवळ दोन धातूच्या पट्ट्या शोधा. त्या कपड्यांचा ओलावा ओळखतात. त्यांच्यावर सॉफ्टनरचा थर आला की फसतात. व्हिनेगर लावलेल्या फडक्याने पुसून घ्या. मोटर गुणगुणते पण ड्रम फिरत नाही, म्हणजे बहुधा पट्टा तुटला. हवा थंडच येते, म्हणजे अति तापल्यामुळे कटआउट (हीटर बंद करणारा सुरक्षा स्विच) उडालं असेल. ते पुन्हा पुन्हा उडत असेल तर दोष कटआउटचा नाही, हवा कुठेतरी कोंडली आहे. पाली सर्किट बोर्डावर चढून शॉर्ट होणं इथे नेहमीचं आहे, त्यासाठी मागच्या जाळ्या आणि वायरची भोकं उघडी सोडू नका.

‘एक्स्ट्रा ड्राय’ (जास्तीत जास्त वाळवायचं) सेटिंग पावसाळ्यात कामाचं नाही. सुती कपडा हवेतला ओलावा पुन्हा पितो, आणि ९० टक्के दमट हवेत तर चांगलाच पितो. कडकडीत करून बाहेर ठेवलेला टॉवेल तासाभरात पुन्हा ओलसर होतो. ‘कपबोर्ड ड्राय’ (कपाटात ठेवण्याइतपत कोरडं) लावा, निवल्यावर घडी घाला आणि लगेच कपाटात बंद करा. गरमागरम घड्या रचू नका.

कपड्याला शिवलेल्या लेबलवर चौकोनात वर्तुळ असेल तर ड्रायर चालतो. एक ठिपका म्हणजे मंद आच, दोन म्हणजे नेहमीची, फुली म्हणजे नको. रेशीम, लोकर, जर, कुणबी साडी, रबराचा थर असलेला रेनकोट, सावरीच्या कापसाच्या उशा दोरीवरच बऱ्या. स्वयंपाकाचं तेल, रॉकेल, पेट्रोल किंवा टर्पेंटाइन लागलेली फडकी गरम पाण्यात जास्त साबणाने धुतल्याशिवाय आत टाकू नका. उष्णतेत ती स्वतःहून पेटू शकतात. टाकीतलं पाणी फरशी पुसायला, संडासात ओतायला चालतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालू नका, त्यात लव आणि साबण असतो, ते डिस्टिल्ड वॉटर नव्हे.

चवथीच्या पाहुण्यांचे टॉवेल आणि चादरी उरकून ऑक्टोबरात उन्हं पडली की यंत्राला सुट्टी द्या. टाकी रिकामी करा, जाळ्या धुऊन वाळवा, नळीतली लव काढा, दार बोटभर उघडं ठेवा. प्लग काढा. महिन्यातून एकदा रिकामा ड्रम पंधरा मिनिटं फिरवा, आणि मेअखेरीस नळीच्या तोंडाची पट्टी हाताने उघडते का ते बाहेर जाऊन बघा.